आजोबांची बॅटरीवरची करवत

दसरा नुकताच होऊन गेला होता आणि संध्याकाळी तुमचा फोन आला. तुमच्याकडे सकाळ होती. आमच्या बाल्कनीतून त्या वेळी एक आवाज येत होता, बारीक, एकसुरी, थोडा घशातला. धाकट्याने विचारलं, आजी, तुझ्याकडे मधमाश्या आल्यात का? मी हो म्हणाले. मग थोरलीने आजोबांना बोलवायला सांगितलं, आणि आजोबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबाने कळवलं की ती दिवसभर हिरमुसलेली होती. आजोबा आपल्यावर रागावले असं तिने मनात घेतलं होतं.

रागावले नव्हते. त्या वेळी त्यांच्या हातात जे होतं ते मध्येच खाली ठेवण्यासारखं नव्हतं. काय होतं आणि का, हे नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. माझ्यापाशी वेळ आहे. समोर खाडीला ओहोटी लागली आहे, चिखलावर बगळे उभे आहेत, आणि दुपार अशी थांबून राहिली आहे की तिला कुठे जायचंच नाही.

तुमचे आजोबा इमारतींची वीजकामं करतात हे तुम्हाला माहीत आहे. पण वीजकाम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तारा आणि बटणं येत असतील. त्यातलं बरंचसं काम लोखंड कापण्याचं असतं. तारा ज्यातून जातात ते पाइप, जाड केबली जिच्यावर पसरून ठेवतात ती पत्र्याची लांबलचक ट्रे, तिला भिंतीला धरून ठेवणारे अँगल, हे सगळं जागेवर मापून कापावं लागतं.

हे मला लग्नाच्या आधी कळलं. मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी तेव्हा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर नवी लाइन टाकायला एक तरुण माणूस आला आणि त्याच्या हॅकसॉचा, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीचा, आवाज माझ्या टाइपरायटरच्या आवाजात मिसळत राहिला. खरखर पुढे, खरखर मागे. पाइप कापून झाला की तो कापलेल्या तोंडात बोट घालून हळूच फिरवी. आत कड राहिली तर तारेचं आवरण सोलून निघतं, म्हणून. मीसुद्धा टाइप केलेलं प्रत्येक पत्र उजेडात धरून बघितल्याशिवाय सहीला पाठवत नसे. एकदा आम्ही दोघं एकाच वेळी आपापलं बघत होतो, तो बोटाने आणि मी डोळ्यांनी, आणि मान वर केली तर समोरासमोर. एवढंच झालं होतं. तुमच्या बाबाला हे सांगितलं की तो म्हणतो, यात काय रोमँटिक आहे. त्याला कळायचं नाही.

लग्नानंतर तो आवाज घरात आला. घरी आणलेलं किरकोळ काम आजोबा दुपारी बाल्कनीत करत, आणि तुमचा बाबा त्या खरखरीवर झोपी जाई. आवाज थांबला की जागा होई. मलाही त्याची इतकी सवय झाली की पुष्कळदा मला स्वप्नात कोणीतरी काहीतरी कापत असे, फार मोठं आणि मऊ, ढगासारखं, आणि ते कधी कापून संपत नसे.

मग उजव्या खांद्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू झिजून फाटला आहे, या वयात ऑपरेशन नको, पण हात पुढे-मागे करण्याचं काम पूर्ण बंद. आजोबांनी तिथेच हवेत हॅकसॉ चालवून दाखवली आणि विचारलं, म्हणजे हे? डॉक्टर म्हणाले, नेमकं तेच.

धंदा आता तुमची आत्या चालवते. परवाना तिच्या नावावर, माणसं तिची, टेम्पो तिचा. ठाण्याला बाळकुममध्ये एका जुन्या सोसायटीचं मोठं काम तिने घेतलं होतं. पावसात त्यांच्या तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये पाणी शिरायचं, म्हणून सगळे मीटर वरच्या मजल्यावर न्यायचे होते आणि तिथून प्रत्येक मजल्यापर्यंत नव्या केबली. आत्या सरळ म्हणाली, बाबा, या कामाला तुम्ही खुर्चीत बसून फक्त बघा.

"खुर्चीत बसायला मी काय पाहुणा आहे?" आजोबा म्हणाले.

"पाहुण्यालाच चहा मिळतो बाबा. कामाला आलेल्याला माझ्या शिव्या मिळतात."

"तुझ्या शिव्या मीच शिकवलेल्या आहेत."

शेवटी दोघांत एक ठरलं. खांदा न वापरता कापता येत असेल तर आजोबांनी कामावर यायचं आणि पूर्वीसारखं काम करायचं. पण ज्या दिवशी ते डाव्या हाताने उजवा खांदा धरताना दिसतील तो कामाचा शेवटचा दिवस. कायमचा. आजोबांनी मान डोलावली. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, आई, तू साक्षीदार. मी डाळ निवडत होते. हातातली डाळ मला त्यानंतर धड दिसली नाही. या माणसाला घरी बसवलं तर तो कसा बसेल, ते मला दिसत होतं.

तर खांदा न वापरता कापायचं कशाने? लोखंड कापायचा ग्राइंडर होता. पण ग्राइंडरच्या ठिणग्या लांबवर उडतात, आणि त्या सोसायटीत जिन्याखाली रहिवाशांच्या स्कूटर उभ्या असत. शिवाय पाइपावरचा जस्ताचा थर त्याच्या उष्णतेने जळतो आणि तिथूनच पुढे गंज धरतो. आत्याने फोनवर एक चित्र दाखवलं, बँड सॉचं. दोन चाकांवर चढवलेलं पात्याचं कडं, पट्ट्यासारखं गोल फिरणारं, एकाच दिशेने. पुढे-मागे काही नाही. ठिणगी नाही, आणि कापलेली कड गार राहते. आजोबा ते चित्र बराच वेळ बघत राहिले.

वायरवाली घ्यायची की बॅटरीवरची, हा प्रश्नच आला नाही. वीजकाम करताना इमारतीची वीज बंद असते. ही गोष्ट मला दर वेळी नव्याने नवलाची वाटते. हे लोक जिथे जातात तिथे आधी अंधार करतात आणि मग त्या अंधारात उजेडाची सोय करत बसतात. प्लग लावायला जागाच नसते.

मानपाडा रोडवरच्या हत्यारांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने काचेवर दोन बँड सॉ ठेवल्या, एक मोठी आणि एक लहान. आजोबांनी लहानीकडे बघितलंसुद्धा नाही. मोठीच्या जबड्यात हाताच्या पंजाएवढा जाड पाइप मावत होता. त्यांनी ती उचलली, छातीपर्यंत आणली, आणि तिथे जरा थांबले. मला ते थांबणं दिसलं. आत्यालाही दिसलं, पण तिने चेष्टा केली. म्हणाली, ही घेऊन तुम्ही शिडीवर चढणार आणि खाली मी काय घेऊन उभी राहू, गादी?

दुकानदार हसला. आजोबा हसले नाहीत, पण मोठी खाली ठेवून त्यांनी लहान उचलली. तिच्या वजनाने त्यांचा कोपर आपोआप अंगाशी आला, हनुवटी खाली झुकली. थोरले, तुझा जन्म झाला तेव्हा हॉस्पिटलात नर्सने तुला त्यांच्या हातात दिलं होतं, तेव्हा ते असेच उभे होते. तेव्हाही त्यांनी तुला कुठून पकडायचं हे आधी नीट विचारून घेतलं होतं. मी म्हणाले, हीच घ्या. त्यांनी विचारलं, मोठा पाइप आला तर? आत्या म्हणाली, तो मी कापीन, तुम्ही बोट फिरवून बघा. ते त्यांना पटलं.

बॅटरी आमच्या ड्रिल मशीनच्याच कंपनीची घेतली, म्हणजे एकीची दुसरीला चालते. पाती दुकानदाराने ओळीने मांडली. पत्रा पातळ असेल तर दाते बारीक आणि दाट हवेत, एका वेळी निदान तीन दाते तरी धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर पत्रा दोन दातांच्या मध्ये अडकतो आणि दातच तुटतात. जाड अँगलला मोठे, विरळ दाते. आजोबा प्रत्येक पात्यावरून अंगठा फिरवत होते. दुकानाबाहेर रिक्षांचा गोंधळ चालू होता आणि आत, त्या पात्यांजवळ, सगळं फार शांत होतं.

करवतीबरोबर एक पुस्तिका आली, इंग्रजीत. पुढच्या काही दुपारी मी ती त्यांना मराठी करून वाचून दाखवली. ते पलंगावर डोळे मिटून पडलेले, मी खिडकीपाशी, बाहेर ऊन. पुस्तिकेतलं इंग्रजी कोरडं असतं, पण मराठीत आणताना ते कसं कोण जाणे, मऊ होत गेलं. करवतीवर जोर देऊ नये. तिच्या वजनानेच तिला खाली उतरू द्यावं. हे ऐकून आजोबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. आयुष्यभर त्यांनी जोर लावूनच कापलं होतं. मी चाकांच्या पानापर्यंत आले तेव्हा ते घोरायला लागले होते. पण हाती घेतलेलं मी अर्धवट सोडत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्या घोरण्याला आणि पंख्याला.

मग बाळकुमचे दिवस सुरू झाले. सकाळी आत्या टेम्पो घेऊन येई आणि दोघं खाडीवरच्या नव्या पुलावरून जात. मी बाल्कनीतून बघत असे. धुकं असलं की पुलाचे खांब दिसत नसत आणि गाड्या पाण्यावरून चालल्यासारख्या वाटत. संध्याकाळी आजोबा सांगत. जिन्यालगत केबलींसाठी एक उभी पोकळी असते, तिला डक्ट म्हणतात. वीज बंद केली की डक्टमध्ये हात दिसत नाही. करवतीला पुढे लहानसा दिवा आहे, तो तेवढा लागतो. त्या उजेडात पातं वाहत्या पाण्यासारखं दिसतं, फिरतंय हे कळतच नाही. आधी करवतीचा टेका पाइपाला भिडवायचा, नाहीतर ती सुरू होताच झटका देते. मग खटका दाबायचा आणि काही करायचं नाही. "काही न करणं फार अवघड आहे गं," ते मला म्हणाले. खांदा दुखत नव्हता. रात्री ते कुशीवर झोपायला लागले.

घरी आले की पहिल्यांदा करवतीची बॅटरी काढायची, पात्याला हात लावण्याआधीच, हा नियम. मग वर्तमानपत्र पसरून जुन्या टूथब्रशने तिच्या फटींतला लोखंडाचा कीस झाडायचा. पात्याला वाट दाखवणाऱ्या लहान चाकांपाशी तो जास्त साचतो. मग ताणाचा खटका सैल करायचा, म्हणजे रात्रभर पातं ताणलेलं राहत नाही. बॅटरी ऑक्टोबरच्या उन्हात टेम्पोत ठेवायची नाही आणि गरम असताना चार्जिंगला लावायची नाही. तिची जागा मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याशेजारी करून दिली. वर्तमानपत्रावरचा कीस दिव्याखाली चमके. मी तो गुंडाळून टाकत असे, पण आधी क्षणभर बघत असे.

आणि मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. आदल्या संध्याकाळी आजोबा सगळी हत्यारं पुसून, तेलपाणी करून पाटावर मांडतात. पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्या वडिलांचा हातोडा, आता न वापरायची हॅकसॉ. शिलाई मशीनचं तेल बोटावर घेऊन ते प्रत्येकाला लावतात, सांधे, दाते, कडा, काही सोडत नाहीत. मी रांगोळी काढते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते. त्या दिवशी कुठलंही हत्यार कामाला घेत नाहीत. या वर्षी मध्यभागी बँड सॉ होती. घरात नवी आलेली, म्हणून तिचं सगळं जरा जास्तच झालं.

दसऱ्यानंतरचा दिवस कसा गेला हे मला आधी आत्याने आणि पुष्कळ नंतर आजोबांनी सांगितलं. डक्टमध्ये त्यांनी ट्रेला करवत लावली. मोटर फिरत होती, पण पातं ट्रेमध्ये रुतून थांबलं. त्यांनी काढून परत लावलं. परत थांबलं. तेव्हा त्यांच्या हातांना जुनी सवय आठवली आणि त्यांनी जोर दिला. पातं चाकावरून सटकलं. लागलं नाही कोणाला. पातं चढवून त्यांनी पुन्हा जोर दिला, आणखी जास्त, आणि खांद्यातून कळ गेली. डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. समोर आत्या उभी होती.

संध्याकाळी ते घरात आले, करवत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून मी जात नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं."

मी आत्याकडे बघितलं. ती चपलासुद्धा न काढता दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "आई, मी एक शब्द बोललेले नाही गं. त्यांचं त्यांनीच ठरवलं."

"करवत बिघडली असेल," मी म्हणाले.

"करवत नवी आहे," आजोबा म्हणाले. "माझ्याच हाताला आता वजन कळत नाही."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून बाल्कनीत खाडीकडे तोंड करून बसले. टेम्पो पुलावरून गेला असेल, त्यांनी बघितला असेल. चहा गार झाला. दुपार झाली. भरती आली, बगळे उडून गेले, पाणी चिखलावर पसरत गेलं आणि ते तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता हे असंच राहणार. रोज पाणी येईल आणि जाईल, आणि हे बघत बसतील.

करवत मात्र मला कपाटात ठेवायची होती, आणि वापरलेली वस्तू साफ न करता मी कपाटात ठेवत नाही. वर्तमानपत्र पसरलं. बॅटरी आधीच काढलेली होती. ताण सैल करून पातं उतरवलं, आणि आतल्या चाकावर मला एक झेंडूची पाकळी दिसली. चाकाच्या कडेला रबराची पट्टी असते, टायरसारखी, तिच्यावर चपटी होऊन चिकटलेली, केशरी. मी ती नखाने काढायला गेले तर बोट घसरलं. बोट नाकाशी धरलं. माझ्या शिलाई मशीनचा वास.

मी पुस्तिका काढली, घोरण्याच्या वेळचं पान उघडलं, आणि हाक मारली. अहो, जरा इकडे या. ते आले. मी वाचलं: पातं या रबराच्या पकडीवरच फिरतं. रबर कोरडं ठेवावं. त्याला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये, पातं घसरतं.

त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. पाकळीकडे बघितलं.

"हे तू मला वाचून दाखवलं होतंस?"

"दाखवलं होतं. तुम्ही घोरत होता."

मग ते हसले. आधी नुसते खांदे हलले, दुखरासुद्धा, आणि मग आवाज आला. मी साबणाच्या पाण्यात फडकं पिळून आणलं. मी चाक फिरवत गेले, ते रबर पुसत गेले, मग दुसरं चाक, मग पातं, सावकाश, दात्यांच्या दिशेने. कोरड्या फडक्याने परत. शेवटी त्यांनी बोट रबरावर टेकवलं तर ते अडलं. पातं चढवलं, दाते कुठल्या बाजूला आहेत ते दोनदा बघितलं, ताण दिला. मी स्वयंपाकघरातून बॅटरी आणून दिली.

बाल्कनीत पाइपाचा एक उरलेला तुकडा पडला होता. तो त्यांनी वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला, टेका भिडवला, आणि खटका दाबून काही न करता उभे राहिले. तेवढ्यात तुमचा फोन वाजला.

तर तेव्हा ते हे करत होते. मी फोन हातात धरून तुमच्याशी बोलत होते आणि दारातून त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ ताठ नव्हती. करवत खाली उतरत होती, अगदी हळू, आपल्याच वजनाने, आणि त्यांच्या कोपराला ते कळत होतं. मला तिथूनसुद्धा दिसत होतं की कळतंय. थोरले, तू हाक मारलीस तेव्हा पातं पाइपाच्या मध्यावर होतं.

तुकडा खाली पडला. फोन तोवर बंद झाला होता. त्यांनी कापलेल्या तोंडात बोट घालून फिरवलं, मग आत्याला फोन लावला आणि विचारलं, उद्या टेम्पो केव्हा निघतो.

"आणि खांदा?" तिने विचारलं. तिचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता.

"मी ढकललं म्हणून दुखला. पातं घसरत होतं म्हणून ढकललं. आणि तेल मी लावलं होतं म्हणून घसरत होतं."

मग ती म्हणाली, "पूजा जरा जास्तच मनापासून केलीत, बाबा. उद्या मी बाजूला उभी राहून बघणार आहे. पूर्ण दिवस. परत खांदा धरलात तर बोलणं संपलं."

"उभी राहा. फक्त खुर्ची आणू नकोस."

ती पूर्ण दिवस उभी राहिली. त्यांनी खांदा धरला नाही. बाळकुमचे मीटर वर गेले, आणि आता ते दोघं घोडबंदर रोडच्या एका कामावर असतात. तिथल्या ट्रॅफिकमध्ये आजोबा बसल्या जागी झोप काढतात. रोज संध्याकाळी टूथब्रश, वर्तमानपत्र, ताणाचा खटका. पुढच्या नवमीला करवतीला हळदकुंकू फक्त मुठीवर वाहायचं आणि फूल शेजारी ठेवायचं, असं आमचं ठरलं आहे.

तो कापलेला तुकडा मी ठेवला आहे. बांगडीसारखा दिसतो, लोखंडाची जड बांगडी. खिडकीत पुस्तिकेवर वजन म्हणून कडेवर उभा ठेवते, दुपारी त्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडतो आणि सरकत जातो. थोरले, तू येशील तेव्हा तो हातात घे आणि आतून बोट फिरव. कुठेही लागणार नाही.